सात कोरडे आठवडे

अमारोने गेल्या दोन वर्षांत जितकी दारू अंगावर सांडली होती, तितकी उभ्या आयुष्यात पोटात घातली नव्हती. सकाळचं दूध डेअरीत घालून परतताना तो साबिनोच्या गुत्त्यात शिरायचा, द्राक्षाच्या कडक दारूचा एक पेला मागायचा, घोटभर तोंडात घोळवायचा आणि मागच्या दाराशी कोंबड्यांच्या अंगणात थुंकून यायचा. उरलेली सदऱ्याच्या गळ्याशी ओतायचा. मग रस्त्यावर येऊन खुशाल झोकांड्या खायचा. झोकांड्या खऱ्या होत्या. दारू तेवढी खोटी होती.

लोंबिन्या गावाला यात काही खोट दिसली नाही. साठ घरांचं गाव, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कडा, आणि मधल्या एका रस्त्यावर प्रत्येकाचं दुसऱ्याच्या पायांकडे लक्ष. फ्लोरेस बेटावर माणसाचं तोंड नंतर बघतात, चाल आधी. कारण या बेटावर एक आजार आहे. त्याचं नाव कोणी घेत नाही, नुसतं ‘ते’ म्हणतात. ‘त्या घरात ते आहे’ एवढं म्हटलं की पुरे. चाळिशीच्या आसपास पाय फाकायला लागतात, मग भलतीकडे पडायला लागतात. एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, घास अडकतो. आधी काठी, मग खुर्ची, मग खाट. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख असतं, म्हणजे माणसाला सगळं कळत असतं. गावात अशी तीन घरं होती आणि त्या घरांत कोणी मुलगी देत नसे, तिथली करतही नसे.

अमारोचं घर त्या तिनांत नव्हतं. त्याचा बाप तोमे अडतिसाव्या वर्षी दुधाच्या कॅनसकट कड्याच्या वाटेवरून खाली गेला. पिऊन गेला, असं गाव म्हणालं आणि विषय संपला. अमारो दारुड्याचा पोर म्हणून वाढला. चार वर्षांपूर्वी आई मरायला टेकली तेव्हा तिने त्याला जवळ बसवून सांगितलं, ‘‘तुझ्या बापाने थेंबसुद्धा घेतला नव्हता रे कधी. पितो, असं मीच सांगत सुटले होते. तुझ्या लग्नाचं कसं झालं असतं?’’

त्यामुळे बेचाळिसाव्या वर्षी कुंपणाच्या दगडावर ठेवायला म्हणून उचललेला पाय एक दिवस हवेत भलतीकडेच गेला, तेव्हा काय करायचं हे अमारोला कोणी शिकवावं लागलं नाही. तो तडक साबिनोकडे गेला.

सोंग कोणासाठी, तर इल्दासाठी. इल्दा त्याची एकुलती एक. बायको नऊ वर्षांपूर्वी न्यूमोनियाने गेली, तेव्हापासून बाप-लेक दोघंच. इल्दा एकवीस वर्षांची, तोंडाने फटकळ, कामाला वाघ. डेअरीतल्या देलियोशी तिचं जमलं होतं आणि सप्टेंबरात लग्न ठरत होतं. ठरत होतं, ठरलं नव्हतं. कारण देलियोची आई एतेल्व्हिना.

एतेल्व्हिनाने आपल्या भावजयीचं चौदा वर्षं केलं होतं. भावजयीला ‘ते’ झालं, भाऊ अमेरिकेला पळाला तो पळालाच, आणि उचलणं-भरवणं-पुसणं सगळं एतेल्व्हिनाच्या गळ्यात पडलं. तिने ते नाक न मुरडता केलं, आणि भावजय गेल्यावर चर्चमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली होती, माझ्या घरात हे पुन्हा नको. अमारोच्या ओट्यावर बसून ती त्याच्या तोंडावर बोलली होती, ‘‘हे बघ अमारो, तू पितोस हे मला ठाऊक आहे. दारुड्याची मुलगी मी करीन. दारू बाटलीत असते, बाटली फोडता येते. रक्तात असतं त्याला काय फोडणार?’’

‘‘बरोबर आहे ताई,’’ अमारो म्हणाला आणि मुद्दाम ढेकर दिला.

फेब्रुवारीत तो बंदरगावच्या दवाखान्यात गेला. तिथे दर तीन महिन्यांनी दुसऱ्या बेटावरून विमानाने एक डॉक्टरीणबाई यायची, खास ‘त्या’साठी. अमारो गुडघा दुखतो असं सांगून आत शिरला. बाई तरुण होती, पण खमकी. तिने त्याला फरशीच्या रेघेवरून टाचेला चवडा लावत चालायला लावलं, स्वतःच्या नाकाला आणि मग तिच्या बोटाला हात लावायला सांगितला, डोळ्यांसमोर पेन फिरवलं. सगळं करून झाल्यावर म्हणाली, ‘‘गुडघा चांगला आहे तुमचा.’’

‘‘म्हणजे तेच.’’

‘‘रक्त बघितल्याशिवाय मी सही करणार नाही. पण तुम्हाला माझ्या आधीपासून माहीत आहे, हो ना?’’

तिने कागदावर मेंदू काढून दाखवला. मागच्या बाजूला खाली एक छोटा भाग असतो, माणसाचा तोल तो सांभाळतो. या आजारात तो भाग हळूहळू झिजतो, आणि त्याच्याकडून अंगभर जाणाऱ्या वाटाही. औषध नाही. अमारोने हे सगळं खाली मान घालून ऐकलं. त्याला एकच गोष्ट विचारायची होती.

‘‘माझी मुलगी,’’ शेवटी तो म्हणाला. ‘‘हुबेहूब माझ्यावर गेलीय. नाक, हनुवटी, सगळं.’’

‘‘मग?’’

‘‘आमच्यात म्हणतात, ज्याचं तोंड घेतलं त्याचं तेही घेतलं.’’

बाईने पेन खाली ठेवलं. ‘‘कोणी सांगितलं तुम्हाला हे? तोंडाचा आणि याचा काडीचा संबंध नाही. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. नाणं उडवावं तशी. नाणं काय नाक बघून पडतं? आणि तिच्यात ते नसेल तर तिच्या मुलांतही नाही, तिथेच संपलं. आता रक्तावरून सांगता येतं. तिला हवं असेल तर.’’

गेली दोन वर्षं अमारो धरून चालला होता की पोरीचं नक्की आहे. ती गोठ्यात जराशी अडखळली तरी तो तिच्या पायांकडे बघत राहायचा. निम्मं! दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्याला रडू फुटलं, आणि ते आनंदाचं होतं हे त्याचं त्यालाच खरं वाटेना.

पण बाईने दारात गाठून एक गोष्ट ऐकवलीच होती. ‘‘मुलीला सांगा.’’

‘‘लग्न होऊ दे. मग सांगतो.’’

‘‘लग्नानंतर मूल होईल. मग कोणाकोणाला सांगत फिराल?’’

बायांना बोलायला काय जातं, असं मनात म्हणून तो बसमध्ये चढला होता.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण ईस्टरच्या दुपारी मुकुटाची चिठ्ठी निघाली.

पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट हा लोंबिन्याचा जीव की प्राण. वर छोटा पारवा, खाली तबक. ईस्टरला टोपीतून एक चिठ्ठी काढतात. ज्याचं नाव निघेल तो सात आठवड्यांनी, सणाच्या रविवारी, तो मुकुट दोन्ही हातांत तबकावर घेऊन आपल्या घरापासून चर्चपर्यंत चालत नेतो. पुढे ढोल आणि झांजा, मागे गाव. वाहणाऱ्याने नजर पारव्यावरून काढायची नाही. खाली पायांकडे बघणं म्हणजे आत्म्यावर विश्वास नसणं. त्याला कोणी हात लावायचा नाही. आणि चिठ्ठी निघाल्यापासून सणापर्यंत त्याने दारूला शिवायचं नाही. हे सात कोरडे आठवडे. त्यात जो प्याला, त्याने सणाच्या जेवणाला गावासाठी शिजवलेलं सार कोणी पुन्हा तोंडी लावलेलं नाही.

अमारोने टोपीत चिठ्ठी टाकलीच नव्हती. तरी फादरनी वाचलं, ‘‘अमारो, तोमेचा.’’

तो चूक दुरुस्त करायला उठणार, तोच मागून इल्दा ओरडली, ‘‘घेतली! आम्ही घेतली!’’ तिने त्याच्या गळ्यात हात टाकले, आणि त्याच्या कानात म्हणाली, ‘‘मीच टाकली होती, बाबा. दरवर्षी टाकत होते. आता सुटणार तुम्ही. आत्माच सोडवणार तुम्हाला.’’

पाठीमागे टाळ्या पडत होत्या. साबिनो मोठ्याने म्हणाला, ‘‘माझं गिऱ्हाईक गेलं रे!’’ आणि सगळे हसले. अमारोही हसला. त्याचं पांघरूण सगळ्या गावाने मिळून काढून घेतलं होतं.

पहिले तीन आठवडे उलट सोपे गेले. तो डुलला, हात थरथरला, तरी इल्दाच सगळ्यांना समजावून सांगायची. ‘‘सोडल्यावर होतंच असं. साबिनोकाकांनी सांगितलंय. अंगातून निघून जायला वेळ लागतो.’’ तिने घरातली प्रत्येक बाटली परसात रिकामी केली. त्याच्या आधी उठायची, त्याच्याबरोबर धार काढायला यायची, संध्याकाळी त्याच्यासमोर बसून गोड पाव कुस्करून दुधात घालून द्यायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघ मारायची. ‘‘एकोणीस दिवस, बाबा! कोणी म्हणालं असतं का?’’ ती इतकी खुशीत होती की गोठ्यात गाणी म्हणायची. बायको गेल्यापासून त्या घरात गाणं झालं नव्हतं. अमारो गाईच्या पोटाला डोकं टेकून ते ऐकत राही आणि त्याला वाटे, आत्ता सांगावं. मग वाटे, आत्ता तर मुळीच नको.

तो वरच्या कुरणात जायला लागला. तिथे कोणी नसे. हायड्रेंजियाच्या फुलझाडांच्या कुंपणाआड तो पत्र्याच्या थाळीत दुधाचं माप ठेवून, नजर मापावर लावून चालायचा सराव करी. पाय दिसत असले की जमायचं. डोळे पायांना सांगायचे, पाय ऐकायचे. नजर वर गेली की पाय कोणाचेच नसायचे. वीस पावलांत तीनदा तो कुंपणावर कोसळायचा. शिवाय मापं दोन दिसायची. एक खरं, एक त्याच्या डावीकडे सरकलेलं. पायावर कुदळ मारून घ्यावी, हेही मनात येऊन गेलं. पण वाहणारा लंगडा झाला तर मुकुट दुसऱ्याकडे जातो, आणि मग एतेल्व्हिना जखम बघायला येणार. चौदा वर्षं जखमा बांधलेली बाई. तिला काय कळायचं राहिलं असतं?

पाचव्या आठवड्यानंतर लोक गप्प झाले. ‘अजून?’ असं कोणी म्हणालं नाही, पण बघायला लागले.

शेवटच्या आठवड्यात मुकुट घरी आला. इल्दाने बाहेरच्या खोलीत पांढरी चादर अंथरून, फुलं लावून मांडला. रोज संध्याकाळी गाव माळ जपायला यायचं. गुरुवारी प्रार्थना संपल्यावर बायका कॉफी द्यायला लागल्या. एतेल्व्हिना उठली, एक कप तिने काठोकाठ भरला आणि तो घेऊन अमारोसमोर उभी राहिली.

‘‘घे.’’

खोलीत बोलणं चालू होतं, तरी अमारोला काही ऐकू येईना. बशी नव्हती. कान असलेला छोटा कप, वर कॉफी थरथरतही नव्हती, इतका तिचा हात स्थिर होता.

‘‘ठेवा ना ताई तिथे. माळ आहे हातात.’’

‘‘माळ खिशात घाल.’’

‘‘काकू, द्या इकडे,’’ इल्दा मध्येच आली, कप घेतला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. ‘‘बाबांना रात्री झोप नाही लागत कॉफीने. आणि तुम्ही तरी किती भरता हो! धर्मशाळा आहे का ही?’’

एतेल्व्हिना हसली नाही. ती अमारोकडेच बघत होती. ‘‘चाळीस दिवस उलटले ना रे? दारू अंगातून जायला एवढे दिवस लागतात? माझी भावजय तर पीतच नव्हती.’’

तिचा मुलगा देलियो कोपऱ्यातून म्हणाला, ‘‘आई, चल.’’ ती गेली. पण दारातून जाताना तिने उंबऱ्याशी थांबून अमारोच्या पायांकडे एकदा नीट पाहिलं.

त्या शुक्रवारी सकाळी अमारो, देवाला मानणारा माणूस, डोंगरापलीकडच्या गावात गेला आणि दारूची एक चपटी बाटली घेऊन आला. त्याचा हिशेब पक्का होता. मुकुटासह तो पडणार. नाही पडला तरी अडखळणार, आणि दोनशे माणसं बघणार. तेव्हा खिशातून बाटली काढायची. मी प्यालो, म्हणायचं. पवित्र आठवड्यात प्यालो, मुकुट हातात असताना प्यालो. गाव थुंकेल. त्याच्या घरचं सार कोणी खाणार नाही, मेल्यावर खांदा द्यायलाही चार जण मिळायची मारामार. पण दारुड्याची मुलगी चालेल, असं एतेल्व्हिना स्वतःच्या तोंडाने म्हणाली होती. तिचा शब्द म्हणजे शब्द. बाटली त्याने सणाच्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. नाव राहिलं नाही तरी चालेल, पोरीचं घर राहू दे, एवढंच त्याने मुकुटासमोर गुडघे टेकून सांगितलं. आणि लाज वाटून तिथून उठला.

दुपारी इल्दाने तोच कोट इस्त्रीला घेतला. अमारो ओट्यावरून उठेपर्यंत ती तो आत घेऊन गेली होती. तिने कोट खुंटीला लावला. बाटली खिशात जिथल्या तिथे होती, बूच घट्ट. तिचं लक्ष गेलं नसेल, असं त्याने मनाला सांगितलं. फक्त त्या संध्याकाळी तिने गाणं म्हटलं नाही आणि रेघ मारताना दिवस मोठ्याने मोजले नाहीत.

रविवारी ऊन स्वच्छ पडलं होतं. इल्दाने त्याच्या कोटाची बटणं लावली, खांद्यावरचा न दिसणारा धागा झटकला. ‘‘मी तुमच्या मागेच आहे,’’ ती म्हणाली. तबक हातात आलं. ढोल वाजला.

पारवे दोन होते. अमारोने उजवीकडचा खरा धरला. रस्ता सपाट होता तोवर निभावलं. तो पावलं मोजत होता, ढोलाच्या ठोक्यावर एकेक टाकत होता, आणि घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. साबिनोच्या गुत्त्यापाशी तो डावीकडे झुकला. कोणीतरी ‘अरे’ म्हणालं. तो सावरला. डेअरी गेली. पाणवठा गेला. बाजूने चालणाऱ्या बायकांचं जपणं बारीक होत होत थांबलं. ढोलवाला मागे वळून बघायला लागला. एतेल्व्हिना त्याच्या उजव्या हाताला तीन पावलांवर होती, आणि ती मुकुट बघत नव्हती.

चर्चला अकरा पायऱ्या आहेत. वर दारात फादर उभे होते. पहिली पायरी चढला. दुसरी, तिसरी. चौथीला उजवा पाय दगडावर पडलाच नाही, दगड जिथे असायला हवा त्याच्या शेजारी पडला. तबक कललं. मुकुट खणकन कडेला जाऊन आपटला. अमारो एका गुडघ्यावर आला आणि त्याने तबक छातीशी आवळून धरलं. मुकुट पडला नाही. पण चांदीचा तो आवाज सगळ्या गावाने ऐकला.

ढोल थांबला.

‘‘प्यालाय!’’ कोणीतरी ओरडलं. मग दहा जण. ‘‘आजच्या दिवशीसुद्धा? मुकुट घ्या त्याच्या हातातून!’’ साबिनो कळवळून म्हणाला, ‘‘अमारो, आज तरी रे!’’ फादर भराभरा खाली यायला लागले.

खरं सांगायचं तर अमारोला सुटल्यासारखं झालं. त्याने तबक गुडघ्यावर टेकवलं, एक हात कोटात घातला आणि बाटली बाहेर काढून सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘प्यालो. सातही आठवडे पीत होतो. माझीच चूक आहे. घेऊन जा मुकुट.’’

बायकांनी छातीवर क्रूस केला. एतेल्व्हिनाच्या तोंडावर मात्र, देव साक्षी, समाधान दिसलं. ती देलियोकडे वळून म्हणाली, ‘‘दारूच आहे.’’

‘‘खोटं!’’

इल्दा पायऱ्या चढून आली होती. तिचं तोंड लालबुंद झालं होतं आणि ती बापाकडे नाही, गावाकडे तोंड करून उभी राहिली. ‘‘खोटं बोलतायत. का बोलतायत मला माहीत नाही. पण माझा बाप प्यालेला नाही. त्या बाटलीत पाणी आहे!’’

‘‘इल्दा, गप,’’ अमारो म्हणाला.

‘‘का गप? शुक्रवारी कोटात सापडली मला. बूच उघडलेलं नव्हतं. मी ओतून दिली आणि विहिरीचं पाणी भरून ठेवलं, मोह झालाच तर पाणी पितील म्हणून. सात आठवडे मी यांच्या आधी उठलेय आणि यांच्या नंतर झोपलेय. एक थेंब घेतलेला नाही यांनी! मुकुटावर हात ठेवून सांगते. घ्या, बघा ना! काकू, तुम्हीच बघा!’’

‘‘पोरी, तुझ्या पाया पडतो, गप बस,’’ अमारो म्हणाला, पण त्याची जीभ जड झाली होती आणि शब्द एकमेकांत अडकून बाहेर आले.

एतेल्व्हिनाने त्याच्या हातातून बाटली घेतली. बूच काढलं. वास घेतला. तळहातावर चार थेंब घेऊन जिभेला लावले.

‘‘पाणी,’’ ती म्हणाली.

‘‘ऐकलंत?’’ इल्दा गावाला म्हणाली. ‘‘ऐकलंत ना सगळ्यांनी?’’

सगळ्यांनी ऐकलं होतं. कोणी टाळी वाजवली नाही. कोणी तिच्याकडे बघतही नव्हतं. दोनशे माणसं अमारोच्या पायांकडे बघत होती, आणि त्यातले काही हळूहळू तिच्या पायांकडे बघायला लागले होते. इल्दाने एतेल्व्हिनाच्या तोंडाकडे पाहिलं. मग देलियोकडे. तो पांढरा पडला होता. मग ती सावकाश बापाकडे वळली. जिंकल्याचं हसू अजून तिच्या तोंडावर होतं, ते काढायचं तिच्या लक्षात आलं नव्हतं.

‘‘दारू नाही,’’ ती म्हणाली. आता हळू. ‘‘मग काय, बाबा?’’

‘‘तेच,’’ अमारो म्हणाला.

‘‘आजोबा? कड्यावरून...’’

‘‘तोही पीत नव्हता.’’

ती त्याच्यासमोर पायरीवर बसली. त्यांच्यामध्ये मुकुट होता. फादर दोन पायऱ्या वर थांबले होते.

‘‘आणि मी?’’

हा प्रश्न टाळण्यासाठी अमारोने दोन वर्षं स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं होतं, आणि आज तो सगळ्या गावासमोर त्याच्यापुढे येऊन बसला. ‘‘निम्मं,’’ तो म्हणाला. ‘‘आहे किंवा नाही. तोंडावर नाही जात ते, लोक उगीच म्हणतात. तुझं नाक माझं असलं तरी निम्मंच. डॉक्टरीणबाईने शपथेवर सांगितलंय. रक्त बघून कळतं. तुला हवं असेल तर.’’

‘‘कधी सांगितलं?’’

‘‘फेब्रुवारीत.’’

‘‘फेब्रुवारीत,’’ इल्दा म्हणाली. तिने एकेक महिना मनात मोजल्यासारखं वाटलं. मग तिचा आवाज फुटला. ‘‘मी रेघा मारत होते, बाबा. मला वाटत होतं तुम्ही माझ्यासाठी सोडलीत.’’

‘‘सोडायला काही नव्हतंच, पोरी.’’

तिने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. ती रागावली होती, इतकी की तिला बापाला मारावंसं वाटत असणार, आणि अमारोला ती मारेल तर बरं असं वाटत होतं. खाली कोणीतरी कुजबुजायला लागलं. देलियो एक पाऊल पुढे आला आणि तिथेच थांबला. एतेल्व्हिना बाटली हातात घेऊन उभी होती, तिचे ओठ हलत होते.

इल्दा उठली. तिने बापाच्या काखेत हात घातला आणि त्याला उभं केलं. वाहणाऱ्याला हात लावायचा नसतो. फादरनी अडवायला हात उचलला आणि खाली घेतला.

‘‘आठ राहिल्यात,’’ ती म्हणाली. ‘‘खाली बघा.’’

‘‘खाली नसतं बघायचं.’’

‘‘बाबा, पायांकडे बघा. मुकुट मी बघते.’’

तिने दुसरा हात तबकाखाली घातला आणि नजर पारव्यावर लावली. अमारोने मान खाली घातली. सात आठवड्यांत पहिल्यांदाच त्याला गावासमोर आपले बूट दिसले, इल्दाने सकाळी पॉलिश केलेले, आणि त्यांच्या पुढे दगडाची कड. एकच कड, जिथे असायला हवी तिथे. त्याने पाय उचलला.

‘‘फाकव,’’ मागून एतेल्व्हिनाचा आवाज आला. कडक, चौदा वर्षांच्या सवयीचा. ‘‘पाय फाकवून टाक, अमारो. घाई करू नकोस. तिच्याकडे रेल.’’

तो रेलला. पाय दगडावर पडला. ढोलवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने एक ठोका दिला, आणि पुढच्या पायरीला आणखी एक. बाप पायांकडे बघत होता, लेक मुकुटाकडे बघत होती, आणि दोघं मिळून वर चढत होती. देलियो मागून येतोय की नाही, हे इल्दाने वळून पाहिलं नाही.